‘सिनेक्डकी, न्यूयॉर्क’: कॉफमनने दिग्दर्शन दुसऱ्याकडे द्यायला हवं होतं

पहिली रांग: ‘हा सिनेमा ज्यांना रटाळ वाटतो त्यांना मरणाचा विचार झेपत नाही’ हे विधान वाचून राहवलं नाही. हा सिनेमा लिहून स्वतःच दिग्दर्शित करणारा चार्ली कॉफमन माझा सर्वांत लाडका पटकथाकार आहे, म्हणूनच लिहितोय. पहिला भाग भक्कम आहे: नाट्यदिग्दर्शक केडनची दुखणी, त्याची बायको अडेलचं मुलीला घेऊन बर्लिनला जाणं, त्याला मिळालेलं मॅकआर्थर अनुदान (सर्जनशील कामासाठी मिळणारी मोठी रक्कम). त्या पैशातून नाटकासाठी गोदामात केडनच्या आयुष्याची नक्कल करणारं शहर उभं राहिलं की मात्र प्रसंग तेच काम पुन्हा करतात. केडनच्या भूमिकेत सॅमी, मग सॅमीच्या भूमिकेत आणखी कोणी. थर वाढतात, ताण वाढत नाही. 124 मिनिटं जड होतात ती यामुळे. आधी स्पाइक जोन्झ दिग्दर्शन करणार होता. त्याने निम्मे थर कापले असते.

विंगेतला: साफ असहमत. सॅमी इमारतीवरून उडी मारतो तेव्हा केडन ओरडतो की मी उडी मारली नव्हती, मला अडवलं होतं. नक्कल तिथे मूळ माणसाच्या हातून सुटते. हे ‘तेच काम’ कसं? थर कापले तर हा धक्काच उरणार नाही.

कात्री: खरी गफलत काळाची आहे. सुरुवातीला रेडिओवर 22 सप्टेंबर, आणि त्याच न्याहारीत वर्तमानपत्र ऑक्टोबरचं. एका सकाळीत आठवडे उलटतात, पण खूण कुठे? कागदाच्या कोपऱ्यात! थिएटरात ती कोण वाचणार?

विंगेतला: कानांनी ऐका ना. केडन आधी नाटककार हॅरॉल्ड पिंटर गेला म्हणतो, मग सुधारतो की नोबेल मिळालं. ती घोषणा 13 ऑक्टोबर 2005 ची.

कात्री: म्हणजे नोबेलची तारीख पाठ असेल त्यालाच सिनेमा कळणार? कॉफमननेच लिहिलेल्या ‘इटर्नल सनशाइन’मध्ये नायिका क्लेमेंटाइनच्या केसांचा रंग बघा: हिरवा, लाल, नारिंगी, निळा. आठवण उलट्या क्रमाने आली तरी नात्याचा टप्पा लगेच कळतो. दिग्दर्शक गोंद्रीच्या त्या सिनेमात खूण पडद्याच्या मधोमध आहे, इथे समासात. पटकथा वाचताना तारीख दिसते, पडद्यावर ती दिसेल अशी मांडावी लागते. लेखकच दिग्दर्शक झाला की हे सुटतं.

विंगेतला: अहो, तिथल्या नायकाला, जोएलला, आपल्या आठवणी पुसल्या जाताहेत हे माहीत आहे. केडनला वर्षं निसटताहेत हे माहीतच नाही! अडेलला जाऊन आठवडा झाला असं तो म्हणतो, थिएटरच्या तिकीट खिडकीवरची हेझल सांगते वर्ष झालं. प्रेक्षकाला आधीच कळलं तर तो केडनच्या पुढे जाईल आणि त्या वाक्याचा जीव जाईल. पॉज दाबून तारखा शोधणाऱ्यांना हे दिसत नाही.

कात्री: पॉजचा टोमणा नको. मुद्द्यावर बोला.

पहिली रांग: हेझलचा प्रसंग मान्य, तिथे लपवणं कामी येतं. जळतं घर तर त्याहून सरस: ती आग लागलेलंच घर विकत घेते, वर्षानुवर्षं त्यात राहते आणि शेवटी धुरानेच मरते. कोणी काही समजावत नाही. पण याच कारणाने गोदामाचा राग येतो. तिथे केडन रोज नटांच्या हातात चिठ्ठ्या देऊन सगळं समजावत बसतो.

विंगेतला: चिठ्ठ्यांचं... बरं, तेवढं खरं. एक थर कमी चालला असता. सॅमीचा नाही.