हलत्या खुर्च्यांऐवजी पेडर रोड बघा

सहा वर्षांची मुलगी आणि आजी, दोघींना घेऊन हलत्या खुर्च्यांच्या थिएटरला जावं का, असं एकाने विचारलंय. आजींच्या पाठीसाठी तरी नको! पडद्यावरच्या दृश्याबरोबर खुर्ची गदागदा हलते, पाठीत ठोसे बसतात, तोंडावर वारा आणि पाण्याचे तुषार. पाणी बंद करायचं बटण बहुतेक ठिकाणी खुर्चीलाच असतं, हलणं मात्र चुकत नाही. शिवाय लहान मुलांना वयाची नाहीतर उंचीची अट असते, तिकिटं काढण्याआधी विचारून घ्या.

त्यापेक्षा मुंबईत पेडर रोडला, सरकारी माहितीपट काढणाऱ्या पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, २०१९ साली सुरू झालेलं. मुंबईत राहूनही कितीतरी जणांना ते माहीतच नाही. नव्या इमारतीत खास मुलांसाठी फिल्म स्टुडिओ केलाय. क्रोमा स्टुडिओ (एकरंगी पडद्यासमोर उभं राहून मागचं दृश्य बदलायचं), स्टॉप मोशन (एकेक फोटो जोडून वस्तू हलताना दाखवायची), पडद्यावर स्वतःचा मेकअप बदलून बघणं, सगळं हाताळायला मिळतं. माझा भाचा स्टॉप मोशनला जो चिकटला तो हलेचना. वस्तू इंचभर सरकवायची, फोटो घ्यायचा, परत सरकवायची. आणि दर दुसऱ्या फोटोत याचाच अंगठा! बाकीचे मजले आम्ही धावतपळत उरकले.

आजींना शेजारच्या गुलशन महालात जास्त मजा येईल. मूकपटांपासूनचा इतिहास आहे आणि वास्तूही जुनी, देखणी. ग्रँट रोड स्टेशनला उतरून टॅक्सी करा. सोमवारी बंद असतं.