ओव्हनमधल्या चिकन लॉलीपॉपला रंग येत नाही, ट्रेमध्ये पाणी सुटतं

बोरिवली_वेस्ट:
शनिवारी घरी आठ-दहा माणसं आहेत. स्टार्टरला चिकन लॉलीपॉप करायचे आहेत, पण न तळता. २८ लिटरचा ओटीजी आहे. दही, आलं-लसूण, तिखट लावून १८०ला अर्धा तास ठेवले की शिजतात, पण पांढुरके राहतात आणि ट्रेमध्ये पाणी साचतं. खायचा रंग घालायचा नाही. काय बदलू?

तवा_आणि_तंदूर:
सगळं त्या पाण्यामुळेच होतंय. वरचा थर ओला असेपर्यंत १०० अंशांच्या फार पुढे तापत नाही, आणि खरपूस रंग धरायला साधारण १४० लागतात. त्यामुळे चिकन भाजायच्या ऐवजी वाफवलं जातं.

८०० ग्रॅमला (साधारण २० नग) आधी दीड चमचा मीठ, एका लिंबाचा रस आणि दीड मोठा चमचा आलं-लसूण पेस्ट लावून अर्धा तास ठेवा. सुटलेलं पाणी ओतून टाका, तुकडे टिश्यूने टिपून घ्या. ही पायरी गाळू नका. मग १०० ग्रॅम चक्का (साधं दही नको), एक मोठा चमचा काश्मिरी तिखट, दोन मोठे चमचे कोरडं भाजलेलं बेसन, दोन मोठे चमचे तेल, थोडा गरम मसाला. तिखट आधी तेलात कालवा, रंग चांगला उतरतो. फ्रीजमध्ये चार तास.

ओव्हन २२०ला, दोन्ही रॉड चालू, १५ मिनिटं तापवा. लॉलीपॉप जाळीवर, खाली फॉइल लावलेला ट्रे. ट्रेवरच ठेवले तर खालची बाजू पाण्यात बसते. १२ मिनिटांनी उलटा, बटर लावा, आणखी १० मिनिटं. शेवटी फक्त वरचा रॉड, ३-४ मिनिटं, तेव्हा समोरून हलू नका.

गिरगाव_खाऊगल्ली:
वरचं सगळं बरोबर. दिसण्याबद्दल दोन गोष्टी. दुकानातून कापून आणलेल्या लॉलीपॉपमध्ये बारीक टोकाकडच्या शिरा बऱ्याचदा तशाच असतात. त्या सुरीने गोल फिरवून तोडा, मांस खाली ढकलून घट्ट गोळा करा. नाहीतर भाजताना गोळा वाकडा होतो. हाडाला भाजण्याआधीच फॉइल गुंडाळा, म्हणजे ते करपत नाही. वाढताना नवी लावा.

शेजवान सॉस लावायचा असेल तर शेवटच्या ३ मिनिटांत. त्यात साखर असते, आधी लावला तर जळतो. आणि हाडालगत काळपट-लालसर दिसलं म्हणून कच्चं समजू नका, कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला रंग झिरपतो. थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता टोचा: ७४ अंश हवेतच, ८०च्या पुढे मांस हाडावरून छान सुटतं.

बोरिवली_वेस्ट:
२० एकदम मावतील का? आणि सकाळी अर्धवट भाजून ठेवले तर?

तवा_आणि_तंदूर:
एका जाळीवर १०-१२च, मध्ये बोटभर जागा सोडून. दाटी झाली की पुन्हा वाफ. अर्धकच्चं चिकन ठेवू नका, या दमट हवेत तर अजिबातच नाही. पहिला घाणा पूर्ण भाजा आणि झाकण न घालता ठेवा, झाकलं तर साल ओलसर होते. दुसरा निघाला की पहिला २२०ला ५ मिनिटं गरम करून दोन्ही एकत्र वाढा. खाली कोबीची पानं अंथरू नका, पाणी सोडतात. कांद्याच्या चकत्या आणि लिंबू बाजूला ठेवा.