मदत हवी आहे: स्कॉटलंडच्या गोल्फ सहलीत लिंक्स आणि पार्कलँड मैदानांचा क्रम कसा लावावा?
नमस्कार. आम्ही मडगावचे चौघे सप्टेंबरात आठवडाभर गोल्फसाठी स्कॉटलंडला जाणार आहोत. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स आणि कार्नुस्टी ही लिंक्स, म्हणजे समुद्रकाठची वाळूवरची मैदाने, आणि 2014 चा रायडर कप (युरोप-अमेरिका संघांची गोल्फ स्पर्धा) जिथे झाला ते अंतर्भागातील ग्लेनईगल्स, म्हणजे पार्कलँड, झाडी-हिरवळीचे मैदान, एवढे मनात आहे. अडचण ओल्ड कोर्सची आहे: तिथे खेळायची वेळ मिळवण्यासाठीची सोडत खेळाच्या दोन दिवस आधी निघते आणि रविवारी मैदान एरवी बंद असते, त्यामुळे बाकीची आरक्षणे आधीच पक्की केली तर सोडतीसाठी दिवस मोकळे उरत नाहीत. हँडिकॅपची (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याची) प्रमाणपत्रे तयार आहेत. सहल कंपन्यांची पॅकेजेसही पाहिली, पण त्यांत विश्रांतीचा दिवसच नाही आणि आमच्यातील एकाच्या गुडघ्याला सलग दोन दिवस अठरा होल चालणे झेपत नाही. शिवाय आमचा हात माडांच्या आडोशाला, पडलेला चेंडू जागीच रुतवणाऱ्या पावसाळी हिरवळीवर बसलेला. लिंक्सची वाळूवरची टणक जमीन आणि समुद्रावरचा वारा कुणालाच सवयीचा नाही. गाडी आम्हीच चालवू. मुक्काम शक्यतो एकाच ठिकाणी हवा. अशा वेळी सुरुवात ग्लेनईगल्सने करून पुढचे दिवस सोडतीसाठी राखावेत, की आधी सेंट अँड्र्यूज गाठून, सोडत लागली नाही तर तिथल्याच न्यू किंवा ज्युबिली कोर्सवर खेळावे?