मदत हवी आहे: हॅलोवीन आणि ख्रिस्ती घर (न्यू जर्सी)

नवी_पाटी:
इथला पहिलाच ऑक्टोबर. मुलं ७ आणि ४ वर्षांची. मी प्रोटेस्टंट, नवरा वसईचा कॅथलिक. शाळेतून ३१ तारखेच्या वेशभूषा परेडचं पत्र आलंय, मंडळीतून (चर्चमधून) ट्रंक-ऑर-ट्रीटला, म्हणजे गाडीच्या डिकीतून कँडी वाटायच्या कार्यक्रमाला, गाडी लावायचं आमंत्रण. पाळकसाहेबांना मुलांनी वेश घालून कँडी मागत दारोदार फिरणं पसंत नाही. शाळेला काय कळवायचं, गाडीची तयारी कशी करायची, आणि संध्याकाळी आमच्या दारी येणाऱ्या मुलांचं काय? धर्मचर्चा नको, व्यवहाराचं सांगा.

ओसरी:
ताई, थोडी धर्मचर्चा होणारच, कारण व्यवहार तिथूनच ठरतो. हॅलोवीन न पाळणारे बायबलमधलं अनुवाद १८:१०-१२ दाखवतात (चेटूक, मृतांना प्रश्न विचारणं मना), पाळणारे रोमकरांस १४ (दिवस पाळण्यावरून एकमेकांना दोष देऊ नका). दोन्ही बाजूंना विचारी माणसं आहेत. घोळ होतो तो 'हॅलोवीन करायचं की नाही' असा एकच प्रश्न घेऊन बसल्याने. वेश, शाळा, दार आणि मंडळी, चारही वेगवेगळं ठरवा. पुष्कळ घरांत वेश चालतो, पण चेटकीण, सांगाडा, रक्त नाही.

शाळेला ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ईमेल करा. तीनच गोष्टी विचारा: परेड ऐच्छिक आहे का, पार्टी कुठल्या तासाला आहे, आणि भाग न घेणारी मुलं त्या वेळी कुठे बसतात. कारणमीमांसा लिहू नका, 'आमच्या श्रद्धेमुळे' इतकं पुरे. नकार असेल तर मुलाला आधी सांगा. परेडच्या सकाळी कळलं तर रडारड ठरलेली. मधला मार्ग म्हणजे पुस्तकातलं पात्र किंवा प्राणी. मुखवटे आणि खोटी शस्त्रं बहुतेक शाळांत चालत नाहीत, तेव्हा तो वाद आपोआपच मिटतो.

मेणबत्ती:
कॅथलिक बाजूने. ३१ ऑक्टोबर ही सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या. १ नोव्हेंबरला सकल संत, २ ला मृतांचं स्मरण. वसईत कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लावतात तो हाच दिवस, दादांना वेगळं सांगायला नको. इथे १ तारखेला मिस्सेला (चर्चमधल्या कॅथलिक उपासनेला) जायचं बंधन असतं, मात्र ती शनिवारी किंवा सोमवारी आली तर नसतं. ३१ च्या संध्याकाळची पूर्वसंध्येची मिस्सा त्यासाठी धरली जाते, म्हणून पॅरिशची (तुमच्या भागातल्या कॅथलिक चर्चची) वेळ आधी बघा आणि कँडीचा कार्यक्रम त्याभोवती बसवा.

बऱ्याच पॅरिशमध्ये मुलं संतांच्या वेशात येतात. सगळ्यात सोपे असिसीचे संत फ्रान्सिस: मोठ्या माणसाचा तपकिरी टी-शर्ट, कमरेला सुतळी, तिला तीन गाठी (दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन), हातात खेळण्यातला पक्षी. संत पेत्राच्या वेशाला पुठ्ठ्याच्या किल्ल्या. झगा घोट्याच्या वर ठेवा आणि सुतळीची टोकं आखूड कापा, पायात अडकून पडणं इथेच होतं. थंडी असते, तेव्हा आतून थर्मल. कोट वरून घातला की वेश दिसतच नाही आणि मूल रुसतं.

डिकीवाला:
ट्रंक-ऑर-ट्रीट म्हणजे चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्या उलट्या लावून सजवलेल्या डिकीतून कँडी वाटणं. विषय बायबलचा घ्या: नोहाचं तारू, योना आणि मासा, दानिएल आणि सिंह. तारू झटपट होतं, दोन मोठी खोकी, निळी चादर, घरातली सॉफ्ट टॉइज.

कँडी किती? अपेक्षित मुलं विचारून घ्या आणि प्रत्येकी एक धरून वर चौथा हिस्सा जादा. २०० मुलं असतील तर २५०. मोठी पाकिटं साधारण १५० नगांची मिळतात, म्हणजे दोन. परडी मुलांपुढे धरू नका, स्वतःच्या हाताने द्या. 'घे बाळ' म्हटलं की मूठ भरली जाते आणि अर्ध्या तासात डिकी रिकामी. फक्त कारखान्यातलं बंद पाकीट द्या, घरची चिक्की नको. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इथे गंभीरपणे घेतात. वेगळ्या भांड्यात स्टिकर, पेन्सिली ठेवा आणि बाजूला निळसर-हिरवा भोपळा. अ‍ॅलर्जीच्या मुलांसाठी खाऊऐवजी वस्तू आहेत, याची ती खूण. चार वर्षांखालच्यांना कडक गोळ्या नकोत, घशात अडकतात.

इंजिन बंद, किल्ली खिशात. डिकीचा दिवा आणि फुगणारी सजावट गाडीच्या बॅटरीवर तासन्‌तास चालवली की घरी जाताना गाडी सुरू होत नाही. बॅटरीवरच्या दिव्यांच्या माळा आणा. सूर्यास्त सहाच्या सुमारास, त्यामुळे टॉर्च हवाच. पावसासाठी हॉलची सोय आहे का, आयोजकांना आजच विचारा. मुलं आल्यावर एकही गाडी हलू नये, हा नियम ठेवणारा माणूस फाटकावर लागतोच.

नवी_पाटी:
खूप उपयोगी! दाराचं राहिलं. आणि भोपळा कोरला तर चालेल?

ओसरी:
व्हरांड्यातला दिवा चालू म्हणजे या, बंद म्हणजे नको. इथे हे सगळ्यांना कळतं. दिवा चालू ठेवून दार न उघडणं तेवढं वाईट दिसतं. काही घरं कँडीसोबत शुभवर्तमानाची पत्रिका देतात. द्यायची तर कँडी चांगली, मोठी द्या. नुसती पत्रिका मिळालेलं मूल ती पुढच्याच अंगणात टाकतं, आणि शेजाऱ्यांत नाव होतं ते वेगळंच.

भोपळा चालवायचा की नाही, ते तुमच्या पाळकसाहेबांशी बोला. काही घरं भुताच्या चेहऱ्याऐवजी क्रूस किंवा तारा कोरतात. कोरायचा तर २९ तारखेच्या आधी नाही, उघडा भोपळा आठवडाभरात बसतो. झाकण तिरपं कापा, सरळ कापलं तर आत पडतं. गर पूर्ण खरवडा, कारण बुरशी तिथूनच धरते. आत मेणबत्ती नको, बॅटरीचा दिवा ठेवा. झगे दारातच पेट घेतात.

मेणबत्ती:
आणि त्या मोठ्या भोपळ्याचे घारगे करायला जाऊ नका, पाणचट आणि तंतूचा असतो. दुकानात शेजारीच छोटे 'शुगर पम्पकिन' असतात, ते घ्या. गूळ किसून घाला आणि पीठ जरा घट्टच भिजवा.