संशोधकांना वस्तीत जायला छोटं अनुदान: कामाचं की फ्लेक्सपुरतं?

वाटीभर_राजमा:
मी नागपुरात जैवरसायनशास्त्रात पीएचडी करतेय. गेल्या वर्षी विभागाकडून समाजसंपर्कासाठी २५ हजार मिळाले. त्यात उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत पाच रविवार सिकलसेलवर, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारावर, बोलले. पहिल्या रविवारी प्रोजेक्टर नेला. दहाव्या स्लाइडपर्यंत अर्ध्या बाया उठून गेल्या. दुसऱ्या रविवारी दोन वाट्या नेल्या, एक आईची, एक बापाची, दोघंही वाहक. प्रत्येक वाटीत एक लाल राजमा, एक पांढरा; लाल म्हणजे सिकलसेलचं जनुक. डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा उचलायचा. दोन्ही लाल आले तर बाळ एसएस, म्हणजे आजारी. एकच लाल आला तर एएस, म्हणजे वाहक.

एका ताईंनी विचारलं, "चारातलं एक म्हणता ना? माझं पहिलंच आजारी निघालं. मग पुढचे तीन बरे?" मी म्हटलं, दाणे परत वाटीत टाका अन् पुन्हा उचला. त्यांनी टाकले, उचलले. पुन्हा दोन्ही लाल. त्या कितीतरी वेळ हातातल्या दाण्यांकडे बघत बसल्या. असा प्रश्न मला एकाही सेमिनारमध्ये आला नव्हता.

प्रत्येक विद्यापीठाने असं अनुदान दरवर्षी द्यावं, हे माझं मत. विरोधात असाल तर बोला.

बर्डीकर:
ताई, बिलं कशी जमवली ते आधी सांगा. आमच्या कॉलेजात १५ हजार मिळाले होते. तीन कोटेशन, जीएसटीचं बिल, वरून उपयोगिता प्रमाणपत्र. वस्तीतला चहावाला जीएसटीचं बिल कुठून देणार? मग पैसा जातो तो ज्याचं बिल मिळतं त्यावर: फ्लेक्स, ट्रॉफी, शाल-श्रीफळ. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचा फोटो काढायचा, कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलीत विस्तार कार्य म्हणून लावायचा. झालं.

काहून_बावा:
पोट्टे फेलोशिपची वाट पाहून राहिले अन् तुम्ही समाजसंपर्क काय करता? नेट परीक्षा काढून जेआरएफ फेलोशिप मिळालेल्याले महिन्याचे ३७ हजार. नेट न निघालेल्याले गाइडच्या प्रोजेक्टमधून मिळाले तर मिळाले. २०१९ च्या सरकारी मसुद्यात तर म्हणे संशोधकानं वर्षाले १० दिवस समाजासाठी द्यावे. द्या ना, पण आधी आमचं जेवण तर द्या. समजावून सांगाले रमण विज्ञान केंद्र आहे, पत्रकार आहेत. ज्याचं काम त्यानं करावं.

निवृत्त_मास्तर:
काहून बावा, जेवणाचं बरोबर. पुढचं पटलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये इथे विद्यापीठात इंडियन सायन्स काँग्रेस भरली होती, तेव्हा काटोलकडच्या आमच्या शाळेतून पोरं घेऊन गेलो. मंडप प्रचंड, गर्दी प्रचंड. पोरांनी पिशव्या आणि पेनं जमवली. त्याच पोरांना आजही आठवतो तो एका तरुण संशोधकाने शेतात लावून दिलेला कामगंध सापळा. मादीच्या वासाने गुलाबी बोंडअळीचे नर पतंग त्यात येतात. पोरं रोज सकाळी मोजून फळ्यावर आकडा लिहायची. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज ८ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, हे पोरांनी घरी जाऊन बापाला सांगितलं. एका सापळ्याला खर्च तो काय? मंडपाच्या पडद्याइतकाही नाही. (त्या संशोधकाने पेट्रोल स्वतःच्या खिशातून घातलं, तेवढं मात्र लाजिरवाणं.)

चार_गल्ल्यांची_आशा:
मी आशा आहे, अशाच एका वस्तीत काम करते. मॅडम पाच रविवार आल्या, चांगलं केलं. सहाव्या रविवारी बाया कोणाच्या दारात येतात? माझ्या. सिकलसेलची पहिली तपासणी, सोल्युबिलिटी, पॉझिटिव्ह आली तरी बाई वाहक की आजारी ते कळत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस ही पुढची तपासणी लागते. माझ्या गल्लीतल्या एका मुलीचा तो रिपोर्ट दीड महिन्याने आला. तोवर तिचं लग्न ठरलं होतं, मुलाची तपासणीही नव्हती. भाषणापेक्षा ते पैसे रिपोर्टला लावा.

वाटीभर_राजमा:
ताई, रिपोर्ट लवकर देणं ही दवाखान्याची जबाबदारी. २५ हजारांत ते होणार नाही, आणि विद्यापीठाने ते अंगावर घेऊही नये. पण गेल्या वर्षी सहाव्या रविवारचं माझ्या डोक्यातच नव्हतं. म्हणून यंदाच्या अर्जात निम्मी रक्कम आशाताईंच्या मानधनाला लिहिली होती. बाहेरच्या व्यक्तीला मानधन नियमात बसत नाही म्हणून अर्ज परत आला. फ्लेक्स बसतो.

बर्डीकर:
'रिसोर्स पर्सन' लिहा. बसतं.

वाटीभर_राजमा:
लिहिलं. आता रिसोर्स पर्सनचा बायोडेटा मागताहेत.

चार_गल्ल्यांची_आशा:
दहावी पास, नऊ वर्षं, चार गल्ल्या. पाठवू?