मदत हवी आहे: पीएचडीचा विषय निवडताना डाइक्स्ट्रांचा तिसरा नियम कसा पाळू?

नमस्कार मंडळी. गाइडना पुढच्या महिन्यात विषय सांगायचा आहे आणि मी डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांच्या एका टिपणापाशी अडकलोय.

त्यांचा सर्वांत जवळचा मार्ग शोधणारा अल्गोरिदम आपण सगळेच शिकलोय. हे गृहस्थ फाउंटन पेनने टिपणं लिहायचे आणि झेरॉक्स काढून सहकाऱ्यांना पाठवायचे. अशी तेराशेहून जास्त आहेत. ६३७ क्रमांकाच्या टिपणात संशोधनाचे तीन नियम आहेत. स्वतःच्या कुवतीच्या काठावर काम करा. समाजोपयोग आणि शास्त्रीय काटेकोरपणा यांत ओढाताण झाली, तर काटेकोरपणाला झुकतं माप द्या. हे दोन्ही मनापासून पटतात. तिसरा मात्र झोप उडवतो: आपल्याइतकेच सक्षम आणि साधनसंपन्न लोक जो प्रश्न हाती घेणारच आहेत, त्याच्या वाटेला जाऊ नका.

माझी आवड चॅटजीपीटीमागे असतात तशा भाषेच्या मॉडेल्समध्ये. तिथे मोठ्या कंपन्यांपुढे आमच्या लॅबमधला एकुलता एक जीपीयू (अशा मॉडेल्सची आकडेमोड करणारी चिप) काय करणार? मग फॉर्मल व्हेरिफिकेशनकडे, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करण्याकडे, वळू का? चाचणीने चुका सापडतात, पण चूक नाहीच हे सिद्ध होत नाही, हे डाइक्स्ट्रांचं म्हणणं मला आज जास्तच खरं वाटतं. घरचे विचारतात, यात नोकरी आहे का? (१९५७ मध्ये डाइक्स्ट्रांच्या लग्नाच्या नोंदणीत ‘प्रोग्रॅमर’ हा व्यवसायच मान्य झाला नव्हता, हे बाबांना सांगून पाहिलं.)

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या विद्यापीठात किंवा अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित-संगणक संशोधन संस्थेत या विषयात कोणी आहे का? पीएचडीनंतर तिथे पुढे काय वाटा आहेत? आणि तुम्ही स्वतः विषय कसा निवडलात, तेही कृपया सविस्तर लिहा.