शहराने स्वतःचं वेगवान इंटरनेट उभारलं तर रोजगार येतो का? चट्टानुगाचं उदाहरण

नदीकाठ (धागाकर्ता):
अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात चट्टानुगा हे दोन लाखांहून कमी वस्तीचं शहर आहे. 1969 मध्ये देशातल्या सर्वांत घाणेरड्या हवेचं शहर म्हणून ते बातम्यांत आलं होतं. पुढे ओतकामाचे कारखानेही बंद पडत गेले. याच शहराने 2010 मध्ये सेकंदाला 1 गिगाबिट वेगाची इंटरनेट जोडणी प्रत्येक घराला आणि दुकानाला देऊ केली. हे काम कुठल्या टेलिकॉम कंपनीने केलं नाही. शहराच्या मालकीच्या वीज मंडळाने, ईपीबीने केलं.

तिथल्या विद्यापीठातल्या एका अर्थशास्त्रज्ञाच्या अभ्यासानुसार पहिल्या दहा वर्षांत शहराला यातून सुमारे 269 कोटी डॉलरचा लाभ झाला आणि साडेनऊ हजारांच्या आसपास रोजगार आले. माझं मत असं की रस्ता आणि पाणी यांच्यासारखीच ही तार नगराची असावी. खांब ज्याचे, तार त्याची.

साधा_हिशेब:
साफ असहमत. एक तर 2008 च्या मंदीनंतरच्या पॅकेजमधून या कामाला 11 कोटी डॉलरहून जास्त केंद्राचे पैसे मिळाले. असं दान दर शहराच्या पदरात पडत नाही. दुसरं, फोक्सवॅगनने तिथे कारखाना काढायचं 2008 मध्येच जाहीर केलं होतं, म्हणजे गिगाबिटच्या दोन वर्षं आधी. शहराचा नदीकिनारा सुधारला होता, 1992 पासून मोठं मत्स्यालय होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर श्रेय कावळ्याला का?

आणि युटातलं प्रोव्हो विसरू नका. त्या शहराने सुमारे 3.9 कोटी डॉलर खर्चून जाळं टाकलं आणि 2013 मध्ये ते गूगलला 1 डॉलरला देऊन टाकलं. कर्ज मात्र नागरिकांच्या डोक्यावर राहिलं.

नदीकाठ:
फोक्सवॅगनचा मुद्दा मान्य, पटला. पण प्रोव्होचं अर्धंच सांगितलंत. युटाच्या कायद्याने शहराला थेट ग्राहकांना सेवा विकायला मनाई होती. तार शहराची, धंदा मधल्या कंपन्यांचा, आणि त्या कंपन्या टिकल्या नाहीत.

चट्टानुगात हीच तार विजेच्या जाळ्यालाही जोडली आहे. वादळात फांदी पडून लाइन तुटली की खांबांवरचे स्विच आपोआप तेवढाच भाग वेगळा करतात आणि बाकीच्यांचा पुरवठा दुसऱ्या बाजूने चालू होतो. कारखान्याची वीज अर्धा तास गेली तरी किती नुकसान होतं, हे भोसरीत किंवा इचलकरंजीत कुणालाही विचारा. गिगाबिटच्या जाहिरातीत हे येत नाही, पण माझ्या मते खरी कमाई इथेच आहे.

परळकर:
मुंबईकर म्हणून एक भीती सांगतो. बेस्ट 1947 पासून महापालिकेची, वीज आणि बस दोन्ही तिच्याकडे. विजेच्या ग्राहकाने बसचा तोटा का भरायचा, यावर इथे वर्षानुवर्षं वाद झाला. चट्टानुगातही केबल कंपन्या नेमका हाच आक्षेप घेऊन कोर्टात गेल्या होत्या. एका खिशातला पैसा दुसऱ्यात घालणारी संस्था मला भरवशाची वाटत नाही. हिशेब वेगळे ठेवले तरच मी तुमच्या बाजूने.

टेनेसीकर:
मी चट्टानुगातच राहतो. दोघांनाही थोडं खोडतो.

नव्या कंपन्या आल्या त्या मुख्यतः शिकलेल्यांसाठी. गरीब वस्तीत तार दारापाशी होती, पण महिन्याचं बिल झेपत नव्हतं. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा हे उघडं पडलं. मग ईपीबी आणि शाळा विभागाने मिळून गरजू घरांतल्या सुमारे 28 हजार मुलांसाठी फुकट जोडणीची योजना काढली. जाळं गावाचं होतं आणि घरोघर पोचलेलं होतं, म्हणूनच ती इतक्या लवकर उभी राहिली. पण त्यासाठी दहा वर्षं आणि एक महामारी लागली, हेही तितकंच खरं.

साधा_हिशेब:
मुलांच्या योजनेवर माझा आक्षेप नाही. रोजगाराच्या आकड्यावर अजूनही आहे.

मात्र खासगी कंपनीवर सोडलं तर काय होतं, तेही लिहितो, नाहीतर एकांगी होईल. कॅन्सस सिटीत 2012 मध्ये गूगलने ज्या वस्तीतून पुरेशी आगाऊ नोंदणी होईल तिथेच तार न्यायची असं ठरवलं. ट्रूस्ट अव्हेन्यू या रस्त्याच्या पूर्वेकडच्या, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वस्त्या मागे पडल्या. केंटकीतल्या लुइव्हिल शहरात गूगलनेच रस्त्यात जेमतेम दोन इंच खोल चर खणून तार पुरली, ती उघडी पडू लागली आणि 2019 मध्ये कंपनी शहर सोडून गेली. रस्ते दुरुस्तीला कंपनीला 38 लाख डॉलर द्यावे लागले.

नदीकाठ:
मग हद्दीबाहेरच्यांचं काय? ईपीबीच्या वीजक्षेत्राला लागून असलेल्या गावांनी जोडणी मागितली होती. राज्याच्या कायद्याने मनाई. 2015 मध्ये केंद्रीय दूरसंचार आयोगाने ती उठवली, 2016 मध्ये अपील न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द केला. तार जिथे थांबते तिथून पुढच्या घराला हे कोण आणि कसं समजावणार?